ऑस्करचा सोहळा टीव्हीसाठी छाटावा का?

देवगडवाला: पहाटे साडेचारला उठून ऑस्कर बघणारा आमच्या वाडीत मी एकटाच असेन, तेव्हा मत फुकट घ्या. प्रेक्षक घटले म्हणून सोहळा छाटणं हा शुद्ध आचरटपणा. २०२२ला आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधीच उरकले आणि त्यांचे तुकडे मागाहून कार्यक्रमात चिकटवले. त्यात संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत! बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी सगळे परत थेट. १९९८चा सोहळा पावणेचार तासांचा होता. एकट्या अमेरिकेत साडेपाच कोटी लोकांनी पाहिला. मग लांबीच्या नावाने रडता कशाला?

गुहागरची मी: दाखला बरा सोयीचा शोधलात. त्या वर्षी 'टायटॅनिक' होता, ११ पुरस्कार! लोक बोटीसाठी बसले होते, ध्वनीसाठी नाही. २०२१ला आकडा कोटीच्या आसपास आला. थिएटरं बंद, सिनेमे कुणी पाहिलेच नव्हते. अनोळखी माणसाने अनोळखी माणसांचे आभार मानलेले कोण ऐकत बसेल? २०२३ला 'नाटू नाटू'चा निकाल आमच्या घरी सगळ्यांनी पाहिला. मोबाइलवर, चहाबरोबर, दोन मिनिटांत.

तात्या वेंगुर्लेकर: गो बाय, जत्रेत दशावतार रात्री लागता तो सकाळपर्यंत. शेंगदाणे खावचे, झोप इली तर थंयच चादर घालून पडूचा. पण सुरवातेक येणारो संकासूर राक्षस कापा म्हणान कोण सांगणा नाय!

कुडाळचो झील: तात्यानू, खंयच्या काळात आसास? हल्ली कितीतरी ठिकाणी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेच्या आदलो भाग, आटोपतोच घेतत. संकासूर दिसलोच तर नशीब. लोकांका आख्यान, म्हणजे ती मुख्य कथा होया, आणि त्यातली तलवारीची लढाई.

देवगडवाला: पण ते मंडळ ठरवतं, समोरची माणसं बघून. इथे कात्री चॅनेलच्या हातात. १९७६पासून सोहळा एबीसी या अमेरिकी चॅनेलवर आहे. जाहिराती तशाच राहतात, संकलकाचं भाषण मात्र ४५ सेकंदांत बंद. २०२९पासून यूट्यूबवर जातोय तेच बरं. वेळेचं बंधन गेलं.

गुहागरची मी: बंधन गेलं की पाच तास लांबवतील! मार्चात पहाटे तुमच्याकडे आंब्याच्या बागेत जायची घाई. तुम्ही तरी पूर्ण बघता का, खरं सांगा.

देवगडवाला: बघतो. गडी साताला येतात.

गुहागरची मी: म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपट दरवर्षी चुकतो की तुमचा! तोच तर शेवटी असतो.