मदत हवी आहे : वसईत बांधलेलं आणि मोंबासात बुडालेलं जहाज

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सध्या केनियात मोंबासा काउंटीत आहे, मूळचा वसईचा. इथल्या फोर्ट जीझस किल्ल्यात सुट्टीच्या दिवशी सहज गेलो आणि अडकलोच. पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, खाली खाडी. क्षणभर आपल्याच किल्ल्यात उभा आहे असं वाटलं!

पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, हुकूम गोव्याहून सुटत. १६९६ मध्ये ओमानी अरबांनी वेढा घातला, तो तब्बल पावणेतीन वर्षं चालला. किल्ल्याला कुमक घेऊन आलेलं ‘सांतो आंतोनियो दे ताना’ हे लढाऊ जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. संग्रहालयात त्यातून काढलेल्या वस्तू आहेत. जहाज सागवानी, बांधलेलं आपल्या वसईत, आणि नावातलं ‘ताना’ म्हणजे ठाणं. मी काचेला नाक लावून उभा, शेजारचा पहारेकरी हसत होता. १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला. गोव्याची पुढची मदत पोचली ती त्यानंतर.

आता मदत हवी आहे ती अशी : वसईत ही गोदी नेमकी कुठे होती? सागवान कुठल्या जंगलातून यायचं, सुतार कोण होते? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर या धंद्याचं काय झालं? पणजीच्या पुराभिलेखागारात कुणी काम केलंय का? जुनी पोर्तुगीज लिपी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर फारच उत्तम. आमच्या आळीतल्या जुन्या माणसांकडून ऐकीव गोष्टी असतील, त्याही चालतील.