मदत हवी आहे: प्लेटमागे उभं राहताना स्लॉट बंद झाला तर?

नमस्कार इंदूरकर मंडळी, बेसबॉलला प्लेट अंपायरिंग करणाऱ्यांना, म्हणजे होम प्लेट (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) आणि कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) यांच्या मागे उभं राहून स्ट्राइक-बॉल ठरवणाऱ्यांना विचारतोय.

सध्याची ठेवण अशी: उजव्या हाताचा बॅटर असेल तर कॅचर आणि बॅटरच्या मधल्या फटीत (हाच स्लॉट) डावा पाय, उजव्या पायाचा अंगठा डाव्या टाचेच्या रेषेत, पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद. हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वर, डोळे स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तिच्या) वरच्या कडेला. डावा हात पोटाशी, उजवा कॅचरच्या आडोशाला. नाहीतर बॅटला निसटता लागून मागे आलेला फाउल बॉल मनगटावर बसलाच म्हणून समजा. पिचरनं (चेंडू टाकणाऱ्यानं) पाऊल टाकलं की खाली बसून स्थिर.

अडतंय ते इथे. कॅचर आत, बॅटरकडे सरकला की फट बुजते. वर उठून त्याच्या डोक्यावरून पाहिलं तर १७ इंची प्लेटची बाहेरची कड दिसते, पण गुडघ्याजवळचा चेंडू निसटतो. बाजूला झुकलं तर कॉलरबोन उघडं पडतं आणि डोकं हलतं, म्हणजे झोनच बदलला. तुम्ही किती वर उठता?

दुसरं, सातव्या इनिंगपर्यंत मांड्या भरून येतात आणि नकळत डोकं खाली जातं. पाय आणखी रुंद करायचे, की दोन चेंडूंच्या मध्ये पूर्ण सरळ उभं राहायचं? कात्री स्टान्स (एक पाय पुढे, दुसरा लांब मागे) सुचवू नका, मानेची वाट लागते.