‘पातळ’ म्हटलं की गिऱ्हाईक बिथरतं: व्हिस्कॉसिटीला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर
इथल्या एका वर्कशॉपसाठी हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या) गाड्यांच्या मालकांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतोय. एका वाक्यावर अडलोय. या इंजिनांना बहुधा कमी व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे वाहायला कमी विरोध करणारं ऑइल लागतं, ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२०, मॅन्युअलमध्ये असेल ते. आधी ‘कमी श्यानतेचे तेल’ लिहिलं. फोरमनने ते ‘शांततेचे’ असं वाचलं. मग ‘पातळ तेल’ केलं, तर एक गृहस्थ म्हणाले, “पातळ म्हणजे पाणी मारलेलंच ना?” आणि त्यांनी हट्टाने वीस-चाळीस, म्हणजे जास्त घट्ट ऑइल टाकून घेतलं. त्यांना दोष कसा देऊ? आपल्याकडे दूध पातळ म्हणजे कस गेलेलं दूध. शब्द सुचवा.

निवृत्त शिक्षिका
श्यानता हाच शब्द. ‘श्यै’ म्हणजे गोठणे, दाट होणे. त्याच धातूचा प्रतिश्याय, म्हणजे आपलं पडसं. इतका घरातला धातू परका का वाटावा? आमच्या वेळी ‘विष्यंदिता’ही शिकवत, पण त्यात ‘स्यंद्’ आहे, म्हणजे ओघळणे. ओघळायला होणाऱ्या विरोधाला ओघळण्याचंच नाव! मला ते कधी पटलं नाही.

हिंगणा रोड गॅरेज
मॅडम, तीस वर्षं झाले गाड्या खोलून राहिलो, श्यानता मागाले कोणी नाही आलं. आमच्याकडे ‘ग्रेड’ चालते. वीस-चाळीस, पाच-तीस, झिरो-वीस. नाहीतर गाढं आन् पतलं. शब्दाचं राहू द्या, नवतप्यात इथं पारा ४५ वर जाते, तिथं झिरो-सोळा टिकन कसं?

यंत्रअभियंता
भाऊ, बाहेर ४५ असो की २०, इंजिन तापलं की थर्मोस्टॅट त्याला आपल्या पातळीवर धरून ठेवतो. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरच्या मोजणीवरून ठरतो. पहिला थंडीतला, ०डब्ल्यूसाठी इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांवर होते. डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट (वजन) नव्हे. हायब्रिडमध्ये इंजिन एका फेरीत कितीदा तरी बंद पडतं, पुन्हा लागतं, मधल्या वेळात निवतं. दरवेळी तेल झटकन पोचायला हवं. शिवाय आतल्या फटी आणि पंप त्याच ग्रेडचा हिशेब धरून केलेले असतात.
आणि कृपा करून ‘घन’ किंवा ‘दाट’ लिहू नका, घनतेशी घोळ होतो. गोडेतेल पाण्यापेक्षा सावकाश ओघळतं, तरी पाण्यावर तरंगतं.

महालची सुगरण
स्वयंपाकघरात ही मोजणी जुनीच आहे हो. एकतारी पाक, दोनतारी, गोळीबंद. पळीवाढं पिठलं, सरसरीत पीठ. सरसरीत म्हटलं की कोणाला भेसळ आठवत नाही, ती हवी तशी झाल्याचीच खूण आहे. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो, पण गुलाबजामला तो नुसता चिकट हवा. घट्ट झाला तर आत मुरतच नाही. दादा, ‘सरसरीत ऑइल’ लिहा, त्या गृहस्थांना लगेच कळेल.

निवृत्त शिक्षिका
ताई, शब्द गोड आहे, पण शास्त्राला नाम लागतं आणि त्यापुढे आकडा लागतो. सरसरीतपणा किती, कसा सांगणार? बोलीवर माझा राग नाही. पण अवघड म्हणून शब्द टाकत गेलो तर पुढची मुलं विज्ञान मराठीत वाचणारच नाहीत.

महालची सुगरण
एकतारीतला ‘एक’ हा आकडाच ना, बाई?

वर्धेकडचा
आमच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. त्यात एरंडीचं तेल. पौषात पहाटे ते इतकं घट्ट व्हायचं की काडीला चिकटून यायचं. आजा म्हणे, “वंगन आळलं, शेकून घे.” हाच शब्द घ्या. ०डब्ल्यू म्हणजे थंडीत न आळणारं तेल.

यंत्रअभियंता
वा! पहिला आकडा इतक्या नेमकेपणाने मी कधी सांगितला नव्हता.

निवृत्त शिक्षिका
पण आळणं विस्तवावर होतं. कढी आळते, पाक आळतो. थंडीत तूप थिजतं. तेव्हा ‘न थिजणारं’ म्हणा.

वर्धेकडचा
थिजलेलं तूप हलत नाही, बाई. वंगण हलायचं, पण जोर लावून. माझ्या कानात ‘आळलं’ असंच आहे.

धरमपेठकर
तूर्त असं लिहिलं आहे: ‘थंड इंजिनातही झटकन वाहणारं, ०डब्ल्यू-१६ ग्रेडचं तेल. हे पाणी घातलेलं नाही. तुमच्या इंजिनाच्या बारीक फटींसाठीच ते असं केलेलं आहे.’ ‘पातळ’ सगळीकडून काढलं. श्यानता कुठे बसवावी ते अजून कळत नाही.

हिंगणा रोड गॅरेज
हे मी वाचून दाखवीन गिऱ्हाईकाले. पण वर्धेवाले भाऊ, तुमच्याकडे वंगन म्हणत काय? आमचा आजा भंडाऱ्याकडचा, तो ‘ओंगन’ म्हणे.

निवृत्त शिक्षिका
ओंगन? त्यात ‘अंजन’ असावं असं मला वाटतं. भंडाऱ्याकडचं आणखी कोणी आहे का इथे?