धावा-बळींच्या बेरजेत संघाचं काम मावतं का?

शाहूपुरीकर
रविवारी कोल्हापूरच्या मेरी वेदर ग्राउंडवर टेनिस बॉल स्पर्धेची फायनल बघितली. मालिकावीर सगळ्यात जास्त धावा करणारा. जिंकलेल्या संघाच्या कीपरचं कुणी नावसुद्धा घेतलं नाही. मी स्टंपच्या मागेच बसलो होतो. टप्प्यावर खडे, चेंडू कधी घोट्याला तर कधी हनुवटीला येत होता. पोरगं अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून दहा ओव्हर उकिडवं बसलं, एक बाय (बॅटला न लागता मागे गेलेल्या चेंडूवरची धाव) सुटू दिला नाही. सामना पाच धावांनी जिंकला.

वरच्या पातळीवरही तेच. आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) अष्टपैलूंच्या क्रमवारीत फलंदाजीचे आणि गोलंदाजीचे गुण एकमेकांना गुणून हजाराने भागतात. झेलाला, कीपिंगला त्यात जागाच नाही. मग एकनाथ सोलकरला कुठं बसवायचं? हेल्मेट नसलेल्या काळात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे बॅटच्या अगदी पुढ्यात, उभं राहून २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ ला लंडनच्या ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर इंग्लंडच्या ॲलन नॉटचा झेल त्यानं झेपावून घेतला, आणि आपण इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. फलंदाजीची सरासरी २५ च्या आसपास, तरी संघासाठी केलेल्या एकूण कामावर लावलेल्या माझ्या थोर भारतीय खेळाडूंच्या यादीत तो पहिल्या पंधरात आहे.

रंकाळ्याचा वारा
भावा, मग ज्याला जो आवडतो तो वर! आकडे आहेत म्हणून भांडण मिटतं. सोलकरच्या झेलांमागं बेदी, प्रसन्ना, चंद्रा (चंद्रशेखर), वेंकट हे चार फिरकी गोलंदाज होते. बॅटची कड त्यांनी काढली, त्यानं झेलली. झेलणारा दुसरा घडवता येतो, तसले चौघे पुन्हा मिळाले का?

टेंबलाईवाडी
घडवता येतो म्हणे! बॅटपासून दोन हातांवर उभं राहून दाखवा एकदा.
आणि आकडेच पाहिजेत तर कुठले, ते पण बोला. जानेवारी २०२१, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. लोकांच्या लक्षात पंतच्या नाबाद ८९. पुजारा २११ चेंडूंत ५६. बरगडीवर, बोटावर, हेल्मेटवर चेंडू घेतले आणि कमिन्स-हेझलवूडला दमवलं. त्या मालिकेत तो ९२८ चेंडू खेळला. हा पण आकडाच आहे की, फक्त बक्षीस देताना कुणी बघत नाही.

पेठेतला
शाहूपुरीकर, तुमचा निकष आपल्याच माणसावर लावून बघा. भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणे, काठेवाडविरुद्ध रणजी, नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना मध्यंतरानंतर काठेवाडचा संघ मैदानात आलाच नाही. पण काठेवाड २३८ ला आटोपलेलं, महाराष्ट्र ४ बाद ८२६. शेवटच्या दोनशे धावांची संघाला काही गरज नव्हती. मग ती खेळी तुमच्या यादीत खाली टाकणार? या माणसाला एक कसोटी मिळाली नाही, आता कोल्हापूरकरांनीच मार्क कापायचे काय?

शाहूपुरीकर
या प्रश्नानं रात्री झोप लागली नाही. जिवावर येतं, पण हो, संघाच्या कामाचं माप लावलं तर त्या दोनशे धावांना कमी मार्क. खेळी म्हणून ती मोठीच, माझ्या आजोबांनी मला पहिला शिकवलेला क्रिकेटचा आकडा ४४३ च होता. थोरपण आणि उपयोग एकाच तागडीत घातले की दोघांवर अन्याय होतो.

उत्तरेश्वर
मला 'एकूण' हा शब्दच खटकतो. चंद्रशेखर: ५८ कसोटी, २४२ बळी, धावा फक्त १६७. सगळं मिळून मोजलं की तो तळाला. आणि ओव्हलचा तो डाव? ३८ धावांत ६ बळी त्याचेच. एकच काम जीव ओतून करणाऱ्याला 'बाकी काय केलं' असं विचारणं मला पटत नाही.

शाहूपुरीकर
हे मान्य. बेरीज नको. ज्याला जे काम दिलं, ते त्यानं किती केलं ते बघू. पण त्यासाठी आधी लिहिलं तरी पाहिजे. पुढच्या रविवारी स्कोअरच्या वहीत मी जादा रकाने आखतो: झेल, सुटलेले झेल, रनआउट, बाय.

रंकाळ्याचा वारा
'वाचवलेल्या धावा' लिहायच्या नाहीत. अंदाज आला की परत वशिला आला.

शाहूपुरीकर
नाही लिहीत. डोळ्यांनी दिसेल तेवढंच. सकाळी आठला या, एका टोकाला तुम्ही बसा, दुसऱ्या टोकाला मी.