नो मॅन्स स्काय : फुकट अपडेट सवडीने खेळणाऱ्याला महाग पडतात का?

कृष्णविवर
‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळभ्रमंतीचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या हॅलो गेम्सने २०१६ पासून आजवर एकाही मोठ्या अपडेटचे पैसे घेतलेले नाहीत, याबद्दल त्यांचं कौतुक आहेच. पण आठवड्याला तीन-चार तास खेळणाऱ्यांचे यात हाल होतात, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर २०२२ चं वेपॉइंट हे अपडेट घ्या. त्याआधी हायपरड्राइव्हची, म्हणजे एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत उडी मारणाऱ्या यंत्राची, तीन मॉड्यूल्स (ताकद वाढवणारे सुटे भाग) जहाजाच्या साध्या खणांत आणि आणखी तीन टेक्नॉलॉजीच्या खणांत बसायची. वेपॉइंटने साध्या खणांत यंत्रं बसवणंच बंद केलं. वर्षभराने परतलेल्या माणसाला एवढंच दिसतं की जहाजाची उडी आखूड झाली. मग तो सगळी मॉड्यूल्स टेक्नॉलॉजीच्या खणांत कोंबायला जातो. तिथे चौथं बसलं की ओव्हरलोड होतो आणि आधीच्या तिघांचाही फायदा जातो. कारण शोधायला पॅच नोट्स (अपडेटमधल्या बदलांच्या याद्या) उपसा. त्या आठवड्याचे तीन तास त्यातच संपतात.

जुलै २०१८ च्या नेक्स्ट अपडेटने तर प्लुटोनियम, थॅमियम वगैरे मूलद्रव्यंच बाद केली आणि पाठ झालेल्या सगळ्या कृती वाया गेल्या.

मंदगती
पूर्ण असहमत. ज्या वेपॉइंटला तुम्ही नावं ठेवताय, त्यानेच सवडीच्या खेळाडूला सगळ्यात मोठी सोय दिली. ऑप्शन्समध्ये डिफिकल्टी उघडा. इंधनाचा खर्च, हवामानाचा त्रास, वस्तू बनवायला लागणारा माल, शत्रूंची ताकद, हे सगळं चालू सेव्हमध्येच (साठवलेल्या खेळात) वेगवेगळं कमीजास्त करता येतं. एरवी प्रत्येक टेकऑफला लाँच थ्रस्टरचं (जहाज जमिनीवरून उचलणाऱ्या यंत्राचं) पाव इंधन जातं, म्हणजे चार उड्डाणांनंतर पुन्हा डाय-हायड्रोजन गोळा करत हिंडायचं. तो खर्च शून्यावर आणला की तीन तासांतले तीनही तास खेळायला मिळतात.

कृष्णविवर
सोय आहे, मान्य. पण एक्सपिडिशनच्या, म्हणजे ठरावीक काळापुरत्या खास मोहिमेच्या, मुदतीला कुठलं सेटिंग आहे? पाच टप्पे, वर मोजके आठवडे. अपडेट आल्यावर पहिले काही दिवस बगफिक्सचे पॅच येत राहतात, म्हणून शहाणा माणूस थांबतो. थांबला की मुदत सरते. रोज खेळणारा दोन दिवसांत मोकळा होतो, आपला माणूस तिसऱ्या टप्प्यावर अडकतो.

वार्पसेल
मुदतीचा मुद्दा खरा आहे, पण माहिती अर्धी आहे. फेब्रुवारी २०२४ च्या ओमेगा अपडेटपासून एक्सपिडिशनसाठी कोरा सेव्ह सुरू करावा लागत नाही. स्पेस ॲनॉमलीत (खेळाडूंच्या सामाईक अंतराळ स्थानकात) जा, एक्सपिडिशनच्या टर्मिनलवर नोंद करा, मूळ सेव्हमधल्या निवडक वस्तू सोबत घ्या. झालं की तिथूनच परत. बक्षिसं क्विकसिल्व्हरच्या (खेळातल्या एका चलनाच्या) दुकानातल्या रोबोटकडे मिळतात, तीही तुमच्या कुठल्याही सेव्हमध्ये. शिवाय वर्षअखेरीला त्या वर्षातली एक्सपिडिशन्स बहुतेक वेळा पुन्हा येतात.

अशनी
"बहुतेक वेळा" वर कोणी विसंबायचं? नॉर्मंडी हे फ्रिगेट (ताफ्यातलं जहाज) मे २०२१ मधल्या एक्सपिडिशनचं बक्षीस. ते त्या वर्षअखेरीला पुन्हा मिळालं आणि त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. ज्याचं हुकलं, त्याने तीन वर्षं वाट पाहिली. बक्षीस मागाहून क्विकसिल्व्हर मोजून घेता यायला हवं, भाव दुप्पट ठेवा हवं तर.

मंदगती
अशनी, यावर मी तुमच्या बाजूने. मात्र जुनं मोडलं जातं ही तक्रार आता तेवढी खरी नाही. जानेवारी २०२५ च्या वर्ल्ड्स भाग २ मध्ये वायूचे महाकाय ग्रह आले, पण त्यासाठी जांभळ्या ताऱ्यांच्या नव्या सूर्यमाला जोडल्या. कोणाच्या बेसखालचा (बांधलेल्या तळाखालचा) जुना ग्रह उचलून त्याजागी नवा ठेवला नाही. कंपनी शिकली आहे.

कृष्णविवर
आणि त्या जांभळ्या ताऱ्यांपर्यंत जायला काय लागतं? अटलांटिड ड्राइव्ह हे यंत्र. तो मिळण्याआधी मुख्य कथा, मग ऑटोफेजांची (यंत्रमानवांच्या जमातीची) कथा, त्यानंतर त्याचं स्वतःचं मिशन. आठवड्याला तीन तासांच्या हिशेबाने हे कित्येक महिन्यांचं काम. जाहिरातीत दिसतो तो ग्रह पाहायला इतकं थांबायचं?

वार्पसेल
त्या कथेतच खरा खेळ आहे, म्हणून ती अट मला योग्य वाटते. वाद चालू द्या, पण खूप दिवसांनी परतणाऱ्यांनी एवढं जरूर करा. पीसीवर गेम उघडण्याआधी ॲपडेटामधल्या हॅलोगेम्स फोल्डरची (सेव्ह तिथेच असतात) प्रत दुसरीकडे ठेवा. मॉड्स (खेळाडूंनी बनवलेले बदल) असतील तर काढा. वर्ल्ड्स भाग २ पासून त्यांची जागा पीसीबँक्समधून गेमडेटामधल्या मॉड्स फोल्डरात गेली आहे, त्यामुळे जुनी मॉड्स तशीच चालतील असं धरू नका. आत गेल्यावर आधी मॉड्यूल्स मोजा, एका यंत्राला तीनच. बेसवर त्यानंतर जा.

अशनी
एक भर. प्रत्येक सेव्हच्या दोन नोंदी असतात, आपोआप झालेली आणि आपण केलेली. अपडेटनंतर काही बिघडलं तर दुसरी उघडून पाहा. जहाजातून उतरलात की नोंद बदलते, तेव्हा गडबड दिसल्यावर जहाजात चढ-उतार करू नका.