मुलगा 'स्मार्ट' आहे, म्हणजे नक्की कसा आहे?

बाभूळझाड: भाचीला स्थळ आलंय. मध्यस्थ काकू फोनवर म्हणाल्या, "मुलगा स्मार्ट आहे हो." अमेरिकेत शिकलेल्या भाचीला वाटलं, हुशार आहे. वहिनींना वाटलं, दिसायला छान आहे. घरात वाद पेटला. माझं मत भाचीच्या बाजूने. स्मार्ट म्हणजे हुशार. दिसण्याशी जोडणं ही आपली देशी चूक.

निवृत्त_मास्तर: चूक कसली? तुमची भाची अमेरिकन अर्थ घेऊन आली, एवढंच. ब्रिटिश इंग्रजीत स्मार्ट म्हणजे आधी टापटीप, कडक इस्त्रीचा. हुशार माणसाला तिकडे क्लेव्हर म्हणायची रीत. आपण इंग्रजी साहेबाकडून शिकलो. एनसीसीत बूट चकाकले की स्मार्ट म्हणायचे, गणितात शंभर पडले म्हणून नव्हे.

बाभूळझाड: मास्तर, टापटीप वेगळं आणि देखणं वेगळं. लग्नाच्या जाहिरातीत 'सावळी, स्मार्ट' असं लिहितात तेव्हा इस्त्रीबद्दल बोलत नसतात. रंगाची भरपाई चाललेली असते. हा शब्द आपण झाकण म्हणून वापरतो, माझा राग त्यावर आहे.

चिंचगूळ: दोघेही अर्ध्यावर थांबलात. जुन्या इंग्रजीत स्मार्टचा अर्थ होता झोंबणारा, वेदना देणारा. जर्मनमधला 'श्मेर्त्स', म्हणजे वेदना, त्याच कुळातला. डोळ्यात साबण गेला की इंग्रजीत डोळे आजही 'स्मार्ट' होतात. झोंबणारा फटका, मग झोंबणारं बोलणं, मग तल्लख, मग चटपटीत, मग नीटनेटका अशी वाट दिसते. आणि गंमत बघा, मराठीतही डोळे चुणचुणतात आणि पोरगं चुणचुणीत असतं! जखम चुरचुरते, लेख चुरचुरीत असतो. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. मग चुणचुणीत म्हणा की सरळ!

निवृत्त_मास्तर: चुणचुणीत दहा वर्षांच्या पोराला शोभतं, तिशीतल्या नवऱ्यामुलाला नाही. आणि मुळावर जायचं तर संस्कृतात 'साहस' म्हणजे अविचार, दांडगाई. म्हणून गिर्यारोहकाला दांडगट म्हणायचं का? आज लोक काय समजतात तो अर्थ.

गल्ली_नं_४: लोक काय समजतात म्हणता? २०१५ साली केंद्राने १०० स्मार्ट शहरांची योजना आणली, निवडीच्या पहिल्या यादीत आपली पुणे आणि सोलापूर होती. आता सांगा, शहर हुशार, टापटीप की देखणं? आमच्या गल्लीला चिंचगूळ यांचा अर्थ लागू पडतो. धुळीने डोळे झोंबतात.

चिंचगूळ: 😄 'ओव्हरस्मार्ट' राहिलाच. तो मात्र आपण एकमताने शिवी म्हणून वापरतो.

बाभूळझाड: शेवटी काकूंनाच फोन करून विचारलं. म्हणाल्या, "अहो, टक्कल पडायला लागलंय. ते फोनवर कसं सांगणार?"