श्रीमंत देशांनी हवामानाचा शब्द मोडला तर त्यांना जाब कोण विचारणार?

उनाडपाऊस:
२००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले, २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा पहिल्यांदा गाठला २०२२ ला, तोही ओईसीडी या त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने. माझा गाडीचा एक हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन चालू होतात. यांना कोण फोन करतं? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

चहाटळ:
कोणी नाही. २०१५ च्या पॅरिस हवामान करारात एक समिती आहे पण ती शिक्षा करणार नाही असं करारातच लिहिलंय. आणि त्या १०० अब्जातला बराचसा पैसा कर्ज आहे बरं का, म्हणजे पूर त्यांच्या धुरामुळे आणि हप्ते आपण भरायचे.

जुना_खोडकर:
दंडुका होता की, त्याआधीच्या क्योटो करारात. धूर (उत्सर्जन) कमी करण्यात जितकं कमी पडाल त्याच्या १.३ पट पुढच्या खेपेला कापायचं. कॅनडाने १९९० च्या ६ टक्के खाली यायचं कबूल केलेलं, गेले भलतेच वर, मग डिसेंबर २०११ मध्ये म्हणाले आम्ही करारातूनच बाहेर पडतो, राहिलो तर १४ अब्ज डॉलरचा फटका बसेल असं त्यांच्या पर्यावरणमंत्र्यांनीच सांगितलं. अमेरिकेने तर सही केली आणि मंजुरीच दिली नाही. मग पॅरिसला छडी ठेवली असती तर वर्गात बसलं कोण असतं?

कालव्याकाठी:
मी ॲमस्टरडॅमला असते. इथे अर्जेंडा नावाच्या संस्थेने आणि नऊशेच्या आसपास नागरिकांनी सरकारलाच कोर्टात खेचलं, सरकार अपिलावर अपील करत राहिलं आणि डिसेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की २०२० अखेर उत्सर्जन १९९० पेक्षा किमान २५ टक्के कमी कराच. इथलं हेमवेगचं कोळशाचं वीजकेंद्र त्याच दबावाने आधी बंद झालं. टार्गेट जेमतेम गाठलं, त्यात कोविडने पण हात दिला हे खरं.

उनाडपाऊस:
भारी. पण त्या नऊशे जणांना कोर्ट घरचं होतं. बुडणाऱ्या बेटावरच्या माणसाने कुठे जायचं?

जुना_खोडकर:
हेगला. वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाने तेच केलं, मूळ कल्पना तिकडच्याच लॉच्या पोरांची. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाबाबतची कर्तव्यं न पाळणं हे बेकायदा कृत्य ठरू शकतं, भरपाईसुद्धा द्यावी लागू शकते. करार सोडला तरी सुटका नाही, बाकीचे कायदे लागू राहतातच.

चहाटळ:
मत दिलं. आदेश नाही ना?

जुना_खोडकर:
नाही. पण आता कालव्याकाठीताईंसारख्यांचे वकील तेच पान उघडून दाखवणार.